तीन पात्याचा रेझर

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरनं सांगितलं, गोळी कवा देल्ली ते रोज लिहून ठेवा. म्हनून ही वही. माह्याच दुकानातली, दोनशे पानी. गोळीची एक ओळ लिहून झाली की बाकी पान रिकामं राह्यते, आन मले रिकामी जागा दिसली की तिथं माल भरावा वाटते. दुकानदाराची खोड. म्हनून बाकीचंबी लिहितो.

आज बाबाले आदिलाबादच्या दवाखान्यातून घरी आनलं. एकवीस दिवस होते तिथं. काळजाचे ठोके बेताल झाले होते. आता गुठळी होऊ नाई म्हनून रक्त पातळ करायची गोळी, रोज संध्याकाळी सातले एक. चुकली तर गुठळीचं भेव. आन गोळी चालू हाय तवरक कुठं कापलं तर रक्त थांबत नाई. डॉक्टर तेलुगू, पन मराठीत समजावून सांगितलं. शेवटी दोनदा म्हनले, "जाग्रत्त! म्हंजे सांभाळून! कापलंच तर दहा मिनिटं बोट दाबून ठेवायचं. मधात उचलून पाहायचं नाई."

हे सांगाची गरजच नव्हती. परवा सलाईनची सुई काढली तवा बाबाच्या हातातून पाऊन घंटा रक्त येऊन राह्यलं होतं. चादर भिजली. मी तिथंच उभा होतो.

सोळा तारखेले, रविवारी, पोरीचा साखरपुडा हाय. हर्षालीचा. आमच्याच अंगनात. पोरावाले किनवटचे. बाबानं गाडीतून उतरल्या उतरल्या आरशात पाह्यलं, एकवीस दिवसाच्या दाढीवर हात फिरवला आन जाहीर केलं, "ह्या अवतारात मी पाव्हन्याईसमोर बसनार नाई. पागल दिसून राह्यलो मी."

गोळी: सातले, देल्ली.

५ फेब्रुवारी, बुधवार

बुधवार, शुक्रवार, रविवार हे बाबाच्या दाढीचे वार. चाळीस वर्सं झाली, बंडू नाव्ही घरी येते. बंडूच्या हाताचं काय सांगावं! आमच्या साऱ्या गुडीहत्नुरात म्हनतेत, बंडू दाढी करून राह्यला की मानूस खुर्चीतच झोपते. आज तो आला, पेटी उघडली. म्या गोळीची गोष्ट सांगितली तशी वस्तरा परत पेटीत ठेवून देल्ला.

"काका, मी नाई हात लावत. जिवाचं काम हाय."

डॉक्टर म्हनले होते का मशीन लावा, बॅटरीवालं. लावलं. बाबानं गालावर तळहात फिरवला. "मेंढी भादरली काय बे? हे खरबरीत तसंच हाय." दुसऱ्या गालाले लावूच देल्लं नाई. एक गाल भादरलेला, एक तसाच. चंदा, म्हंजे माही बायको, पदर तोंडाले लावून सैपाकघरात पळाली.

डॉक्टरले फोन केला. ते म्हनले, उघडा वस्तरा नकोच. मुंडकं बदलायचा रेझर चालन, पन नवीन मुंडकं आन हलका हात पायजे.

म्या म्हनलं, "बाबा, मी करतो."

बाबानं माह्या तोंडाकडे पाह्यलं नाई. हाताकडे पाह्यलं. "तुहा हात जड हाय, चंपत."

हे मी लहानपनापासून आयकतो. रांजन फोडला, हात जड. बैलाची वेसन तुटली, हात जड. अकरा वर्सापूर्वी वावर बटईनं दुसऱ्याले कसाले देऊन हायवेवर जनरल स्टोअर्स टाकलं तवा तर म्हनले, "जड हात आता तराजूवर ठेव, तेवढंच जमन तुले." त्या दिवसापासून दुकानात पाय ठेवला नाई. समोरून चालत जातेत, पन मान इकडे वळवत नाई.

ठीक हाय. रेझर तर माह्याच दुकानात लटकून राह्यलेत. दोन पात्याचा, तीन पात्याचा, पाच पात्याचा. सारे आधी माह्याच तोंडावर लावून पाहातो. कोनता कापत नाई ते सापडवतोच.

आज डाव्या गालाले दोन पात्याचा, उजव्याले तीन पात्याचा. दोन पात्याच्याचं मुंडकं हालत नाई, हाडावर आलं की अडते, मंग मानूस दाबते, आन दाबलं की गेलं. हनवटीखाली दोन जागी कापलं. तीन पात्याच्याचं मुंडकं हालते, गालाच्या उताराबरोबर मुकाट्यानं उतरते. कापलं नाई.

गोळी: सातले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन आन पाच पात्याचा. पाच पात्याचा गुळगुळीत करते, यात वाद नाई. गाल पोराच्या गालासारखा लागते. पन मुंडकं रुंद, नाकाखाली जात नाई. पात्यात केस अडकतेत, दर खेपेले धुवा लागते. आन एवढं जवळून कापते का दुपारपावतो गळ्यावर लाल पुरळ उठलं. बाबाच्या गळ्याची कातडी सैल, सुरकुत्याची. तिथं पाच पाती म्हंजे पाच भानगडी.

लांब केसावर कोनताच धड चालत नाई. आधी मशीननं बारीक करा लागन, गरम पान्याचा टावेल ठेवा लागन, मंग फेस. केस जिकडे झुकतेत तिकडूनच वढायचं, उलटं नाई. जुनं मुंडकं तर हात लावायच्या लायकीचं नाई, चार दाढ्या झाल्या का ते वढते.

चंदा म्हने, "अहो, तुमचं तोंड तर सोललेल्या कांद्यासारखं झालं. बाबाले एवढं कायले घाबरता?"

मी बाबाले घाबरत नाई. रक्ताले घाबरतो.

गोळी: सातले.

९ फेब्रुवारी, रविवार

जे झालं ते लिहाची लाज वाटते, पन लिहितो.

पाच पात्याच्याच्या मुंडक्याले मांगून एक एकटं पातं असते, नाकाखालच्या बारीक कामासाठी. म्हनलं, तेबी पाहून घेऊ, बाबाच्या मिशीची कड त्यानंच नीट निंगन. रेझर उलटा केला, मिशीच्या कडेले लावला. तेवढ्यात दारासमोर ट्रकवाल्यानं हार्न वाजवला. डाव्या बाजूची बोटभर मिशी साफ.

मंग उजवी बाजू बरोबर केली. ती जास्त गेली. मंग डावी. अशी बरोबर करता करता माशीएवढी उरली, तीबी काढून टाकली. तोंड धुतलं, टावेलनं पुसलं, आरशात पाह्यलं, आन मंग डोस्क्यात उजेड पडला.

बाप जित्ता असता मिशी काढत नाईत. बापाच्या दहाव्याले काढतेत. आमच्यात शेंबड्या पोरालेबी हे समजते. आन मी पन्नाशीचा घोडा, बाबा आत खाटेवर, आन मी मिशी काढून बसलो.

चंदानं पाह्यलं तशी तिच्या हातातलं ताट पडलं. मले म्हने, "थू थू म्हना आधी! थू म्हना!" मी थुंकलो. मंग तिनं कपाटातून कोरोनाच्या वक्ताचा मास्क काढून देल्ला.

बाबासमोर मास्क लावूनच गेलो. "सर्दी झाली," म्हनलं.

गोळी: सातले, देल्ली.

१० फेब्रुवारी, सोमवार

सारं मातेरं झालं.

सकाळी दुकानात बसलो होतो, मास्क लावून. नऊले चहा आला. चहा काई मास्कातून पेता येत नाई. मास्क खाली केला आन नेमके तवाच भगवंतराव आले, बाबाचे जुने सोबती. माह्या तोंडाकडे पाह्यलं. डोक्यावरची टोपी काढली. माह्या खांद्यावर हात ठेवला, डोळे पुसत निंगून गेले. मले वाटलं, माह्या मूर्खपनाचं त्याईले वाईट वाटलं.

अकराले शेजारच्या दोन दुकानदाराईनं शटर अर्धं खाली ओढलं. बाराले चंदाचा फोन, "घरी या. द्वारकाबाई पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आल्या." ज्याच्या घरी मयत होते त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाई, शेजारचे डबा देतेत. मी शटर पाडून पळालो.

मी पोचतो तवर भैंसा गावची जीप दारात. माही बहीन रुख्मिणी उतरली, सडकेपासूनच हंबरडा. "बाबा ओ बाबा! मले शेवटचं तोंडबी दाखवलं नाई ओ!" तिच्या मांगून चार बाया, त्याईनंबी सूर लावला. मी म्हनून राह्यलो, "अव रुख्मे, आयक तं," पन कोन आयकते!

तेवढ्यात भिताडाले धरून बाबा दारात आले. अर्धा गाल भादरलेला, अर्धा दाढीचा.

"कोन मेलं बे?"

रुख्मिणीनं किंचाळी मारली आन खालीच बसली. मंग एक जन हासली, मंग साऱ्या हासल्या, रुख्मिणी रडता रडता बाबाच्या पायाले मिठी मारून हासून राह्यली. मीबी हासलो. धावपळीत मास्क गळ्यात आला होता, ध्यान नव्हतं.

बाबानं माह्याकडे पाह्यलं. वरच्या ओठाकडे. हासू थांबलं साऱ्याईचं.

"मराची वाट तं पाह्याची होती, चंपत."

एवढंच बोलून आत गेले. म्या मांगं जाऊन सारं सांगितलं, रेझर, उलटं पातं, ट्रकचा हार्न. भिताडाकडे तोंड करून पडले होते. सातले गोळी घेऊन गेलो तर तोंड मिटून घेतलं. "पोरानं मिशी उतरवली. आता गोळी कायले पायजे?"

गोळी: नाई.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गोळी: नाई. रुख्मिणीनं देल्ली, चंदानं देल्ली, हर्षालीनं गळ्यात हात टाकून देल्ली. नाई म्हंजे नाई.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरले फोन केला. म्हनले, दोन दिवस म्हंजे लय झाले, आज काईबी करून चालू करा, पन एकदम तीन देऊ नका, एकच द्या. गुठळी मेंदूत गेली तर मानूस एका अंगानं जाते.

दाढीचा वार होता. नाव काढाची हिंमत झाली नाई. पाव्हन्याईले कसं तोंड दाखवावं, साखरपुडा पुढं ढकलावा का, चंदा इचारून राह्यली. हर्षाली आतल्या खोलीत रडून राह्यली, तिचे डोळे सुजले. तिनं सांगून देल्लं, आजोबा बसनार नसतीन तर ते लोक येऊच नाईत.

राग येऊन राह्यला. कोनाचा ते समजत नाई. सारं तोंड सोलून घेतलं मी ह्या मानसासाठी. एकाबी रेझरानं त्याच्या गालाले ओरखडा पडू नाई म्हनून. आन हा मानूस म्हनते मी त्याच्या मराची वाट पाहातो! दवाखान्यात त्याच्या हातातून रक्त येऊन राह्यलं होतं तवा मी भाईर जाऊन भिताडाले टेकून रडलो, हे कोनाले मालूम हाय? चंदालेबी नाई.

बाबा, माह्या हाताले जड म्हना. तराजूले नावं ठेवा. आखीन अकरा वर्सं दुकानासमोरून मान फिरवून जा. पन जित्ते राहा. तुमच्याबिगर मले माहा चुकलेला हात कोन सांगन?

हे मी तोंडानं कवाच बोलू शकनार नाई.

गोळी: नाई.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ही वही मी माह्या उशीखाली ठेवतो. आज दुपारी दुकानातून आलो तर खिडकीत सापडली. चंदाले इचारलं, ती म्हने म्या हात लावला नाई. हर्षालीबी नाई म्हने. बाबाचा चष्माबी तिथंच खिडकीत होता, त्याईले दिवसभर सापडून नाई राह्यला होता. घरातल्या वस्तू कुठच्या कुठं जातेत, कोनाले काई ठिकाना नाई.

संध्याकाळी सातले पाच मिनिटं कमी असता बाबानं स्वता आवाज देल्ला, "चंपत, गोळी आन."

एकदम कसं मन पलटलं कोनास ठाऊक. रुख्मिणीनं नवस बोलला होता, तोच पावला असन.

गोळी: सातले, देल्ली!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

भीत भीत इचारलं, "बाबा, आज करायची काय दाढी?"

"आज केली तर परवापावतो खुटं येतीन. रविवारी सकाळी कर."

म्हंजे एकच डाव. बिघडला तर पाव्हने दारात आन बाबा रक्तात. मी उठून चाललो होतो तर मांगून बोलले, "तीन पात्याचाच आन. पाच पात्याच्यानं पुरळ उठते."

मी त्याईले पुरळाचं कवा बोललो? चंदानं सांगितलं असन. बाईच्या पोटात काई राह्यत नाई.

गोळी: सातले.

१६ फेब्रुवारी, रविवार

खुर्ची अंगनात, उन्हात. साडेसात वाजले होते. आधी मशीन, आज दोन्ही गालाले लावू देल्लं. मंग गरम टावेल, पाच मिनिटं. मंग फेस. तीन पात्याचा, नवं मुंडकं, बाबाच्या समोर पाकीट फोडलं. चंदा कापूस आन बर्फ घेऊन उभी, रुख्मिणी देवाचं नाव घेऊन राह्यली, हर्षाली मोबाईल घेऊन उभी, दहा मिनिटं मोजाची पाळी आलीच तर.

बंडूच्या हाताखाली बाबा डोळे मिटतेत. माह्या हाताखाली मिटले नाई. सारा वेळ माह्याकडेच पाहून राह्यले. माह्या कपाळाचा घाम त्याईच्या बंडीवर पडला.

डावा गाल झाला. उजवा झाला. वढायचं नाई, दाबायचं नाई, रेझरच्या वजनानं उतरू द्यायचं. गळा झाला. आता झालंच असं वाटलं आन जबड्याच्या हाडाखाली, सुरकुतीत, लाल ठिपका दिसला. माह्या डोळ्यासमोर तो मोठा झाला आन फेसात उतरला.

रुख्मिणी ओरडली. म्या बोट ठेवलं.

"दाब," बाबा म्हनले. "मधात उचलू नको."

हर्षालीनं मोबाईल लावला. मी बाबाच्या तोंडावर वाकून उभा, बोट त्याईच्या जबड्यावर. मले आठवत नाई, बाबाच्या तोंडाले मी कवा हात लावला होता. बोटाखाली ठोके लागून राह्यले होते, एक लवकर, एक उशिरा.

तीन-चार मिनिटं झाली असतीन. बाबा हळूच बोलले. "सात वर्साचा होता तू. पायाले इळा लागला. बैलगाडीत तुहा पाय मांडीवर घेऊन मी असाच दाबून बसलो होतो, दवाखान्यापावतो."

"मले नाई आठवत, बाबा."

"तुले कसं आठवन. तू रडून राह्यला होता." मंग म्हनले, "मीबी."

हर्षाली म्हने, "दहा झाले." माहं बोट उचलनं होऊन नाई राह्यलं. बाबानंच माहं मनगट धरून बाजूले केलं. रक्त थांबलं होतं. चंदा खालीच बसली.

म्या म्हनलं, "चला, झालं बाबा."

"नाई झालं. मिशी राह्यली."

"कड बरोबर करू?"

"काढ. सारी."

रुख्मिणी म्हने, "बाबा, शुभाच्या दिवशी असं काई..."

"माहा बाप जाऊन बत्तीस वर्सं झाली. मले कोनाची बंदी हाय? काढ रे चंपत."

काढली. बत्तीस वर्साची पांढरी मिशी टावेलवर पडली. त्याखालचा ओठ म्या आजाच्या दहाव्यानंतर पाह्यलाच नव्हता. माह्यासारखाच हाय.

अकराले पाव्हने आले. आमा दोघाईले जवळजवळ बसलेलं पाह्यलं आन बोलनं थांबलं त्याईचं. बाप-लेक दोघंबी बिनमिशीचे! पोराच्या चुलत्यानं खालच्या आवाजात इचारलं, "घरात काई... वाईट झालं काय?"

बाबा मान वर करून खनखनीत आवाजात म्हनले, "कोनाले काई झालं नाई. माहा पोरगा दुकानदार हाय, हायवेवर त्याचं दुकान हाय. रेझर इकते. गिऱ्हाइकाले नमुना दाखवा लागते ना! पाहा, हात फिरवून पाहा."

आन त्या चुलत्याचा हात धरून आपल्या गालावर फिरवला. हासून हासून मांडव हालला. हर्षालीच्या बोटात आंगठी गेली.

मी घरामांगं जाऊन गोठ्यात उभा राह्यलो थोडा वेळ. धूर गेला होता डोळ्यात.

गोळी: सातले.

२ मार्च, रविवार

परवा रक्त तपासलं, डॉक्टर खूश. मिशीची खुटं दोघाईचीबी आली, बाबाची पांढरी, माही करडी.

आज सकाळी बंडू आला. बिचाऱ्यानं माह्याच दुकानातून तीन पात्याचा रेझर नेला होता, आठ दिवस आपल्या भावाच्या तोंडावर शिकला. म्हने, "काका, आता मले जमते. चंपतभाऊच्या मांगची कटकट गेली." मलेबी बरं वाटलं. रविवारचं गिऱ्हाईक सकाळीच असते.

बाबा खुर्चीत बसले. बंडूनं फेस लावला. रेझर गालाले टेकला न टेकला तोच बाबा म्हनले, "राहू दे बंडू. तुहा हात जड झाला."

बंडू माह्याकडे पाहून हासला, पेटी उचलली, चहा पेऊन गेला. त्याले रागबी नाई आला.

आता सांगा! बंडूचा हात जड! ज्याच्या हाताखाली सारं गाव झोपते त्याचा! वय झालं बाबाचं, काईबी बोलतेत. आता दर बुधवार, शुक्रवार, रविवार हे माह्याच मांगं लागलं. दुकान उघडाले आज साडेनऊ झाले.

दाढी करता करता बाबाले झोप लागून गेली, मान माह्या हातावर पडली, तशीच धरून उभा राह्यलो म्हनून उशीर झाला.

मुंडकं बदललं. गोळी: सातले, देल्ली.